रक्तांतील आग आणि ‘क’ जीवनसत्त्व

कापलेलें सफरचंद कांहीं वेळ उघडें राहिलें तर तांबूस पडतें, हें आमच्या बालवाचकांनीं पाहिलेंच असेल. त्याच फोडींवर लिंबू पिळलें तर त्या बराच वेळ पांढऱ्या राहतात. हवेंतील प्राणवायूचा फोडींतील द्रव्यांशीं संयोग होऊन रंग पालटतो. लिंबांतील आम्ल व ‘क’ जीवनसत्त्व त्यास आळा घालतात. प्राणवायूच्या अशा कार्यास अडविणाऱ्या द्रव्यांस अँटिऑक्सिडंट म्हणतात. तर मग शरीरांत भडकलेली आगही या द्रव्यांनीं शमवितां येईल काय?

प्रथम ही आग कोणती तें पाहूं. पायांत कांटा मोडला कीं त्या वाटेनें जंतु आंत शिरतात. रक्तांतील पांढऱ्या पेशी त्यांस गिळतात आणि प्राणवायूपासून सुपरऑक्साइड नांवाचें दाहक द्रव्य बनवून त्यांचा नाश करतात. जागा लाल होते, सुजते, ठणकते, तो याच झुंजीचा परिणाम होय. कांहीं मुलांच्या पेशींत हें द्रव्य बनविण्याची शक्ति जन्मतःच नसते. तीं बिचारीं जंतुरोगांनीं वारंवार अंथरुणास खिळतात. म्हणून चुलींतल्या विस्तवाप्रमाणें ही आगही आपणांस हवीच असते.

परंतु केव्हां केव्हां ती चुलींत राहत नाहीं, छपरास लागते. जंतूंशीं चाललेला झगडा सर्व शरीरांत पसरतो. रक्तवाहिन्या सैल पडतात, त्यांतून द्रव झिरपतो, रक्तदाब घसरतो, आणि मूत्रपिंडें, मेंदू इत्यादि अवयवांस रक्त पुरेनासें होतें. यासच सेप्टिक शॉक म्हणतात. तापांत मुलास भ्रम होऊं लागला, श्वास जलद चालूं लागला, लघवी अगदीं कमी झाली, तर पालकांनीं घरगुती काढ्यांत वेळ न दवडतां तत्काळ रुग्णालय गाठावें. येथें घटकेघटकेस मोल आहे.

अशा रोग्यांच्या रक्तांत ‘क’ जीवनसत्त्व फारच घटलेलें आढळतें. तेव्हां तेंच शिरेंतून भरपूर द्यावें, असें कोणास वाटल्यास नवल नाहीं. २०१७ सालीं अमेरिकेंतील डॉक्टर पॉल मॅरिक व त्यांचे सहकारी यांनीं असा प्रयोग प्रसिद्ध केला. ‘क’ जीवनसत्त्वासह आणखी दोन औषधें दिलेल्या ४७ रोग्यांपैकीं ४ दगावले. त्यापूर्वींच्या महिन्यांत हीं औषधें न मिळालेल्या ४७ पैकीं १९ दगावले होते. सर्वत्र मोठी आशा उत्पन्न झाली. परंतु दोन निरनिराळ्या काळांतील रोग्यांची ही तुलना होती, आणि आमच्या मतें खरी गोम येथेंच होती.

पुढें कॅनडा, फ्रान्स व न्यूझीलंड येथील डॉक्टरांनीं ८७२ रोगी घेतले, आणि कोणास जीवनसत्त्व द्यावें व कोणास नुसतें पाणीवजा द्रव्य द्यावें, हें चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें ठरविलें. २०२२ सालीं निकाल लागला. अठ्ठावीस दिवसांनंतर मृत झालेले किंवा अवयव निकामी राहिलेले रोगी, जीवनसत्त्व मिळालेल्यांत ४२९ पैकीं १९१ भरले. न मिळालेल्यांत ४३४ पैकीं १६७. म्हणजे लाभ दूरच, उलट हानि! असें कां व्हावें, याचा उलगडा अद्यापि झालेला नाहीं. मात्र फार मोठ्या मात्रेंत हेंच जीवनसत्त्व उलट वागून दाहक द्रव्यें निर्माण करूं शकतें, हें प्रयोगशाळेंत दिसून आलें आहे.

तूर्त या रोगावर डॉक्टरांचा भर प्रतिजैविकें, शिरेंतून दिलेलें सलाईन आणि रक्तदाब वाढविणारीं औषधें यांवरच आहे.