तुटलेला पाटा आणि तडकलेली चासी

जादा माल भरलेली पिकअप गाडी खड्ड्यात आदळली की कधी मागचा पाटा तुटतो, कधी चासीला तडा जातो. दुरुस्तीच्या वेळी मालक म्हणतो, "आता चांगला जाड पाटा टाका!" हे योग्य आहे काय?

पट्टीची लांबी-रुंदी तीच ठेवली, तर तिचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट केली की ताठपणा ८ पट होतो. मात्र दोन पातळ पाटे एकावर एक मोकळे ठेवले, तर तो केवळ दुप्पट होतो. म्हणूनच कमानीत अनेक पातळ पाटे असतात. ते वाकून धक्का सोसतात व एकमेकांवर घासून हेलकावे शमवतात. जाड पाटा फारसा वाकत नाही. धक्का थेट चासीला बसतो. तेव्हा तुटलेल्या पाट्याच्या जागी मूळ मापाचाच पाटा हवा.

चासीच्या तड्यावर नुसते वेल्डिंग करणेही पुरेसे नाही. तड्याच्या अणकुचीदार टोकाशी प्रतिबल एकवटते व तडा पुढे सरकतो. म्हणून कुशल कारागीर आधी त्या टोकाशी लहानसे गोल छिद्र पाडतो. गोल कडेवर प्रतिबल विभागले जाते. मग तो तडा खरवडून वेल्डिंगने भरतो.

करून पाहा : दहा पोस्टकार्डे एकत्र धरून वाकवा. नंतर तीच डिंकाने चिकटवा, पूर्ण वाळू द्या आणि पुन्हा वाकवा. फरक का पडला, ते सांगा.