रक्तदानाला निघालीस ना, जरा ऐकून जा

सोनू, मंडळाच्या शिबिरात यंदा तूही रक्त देणार हे ऐकून ऊर भरून आला. गणपतीचे दिवस म्हणजे पावसाचे, आणि पावसाचे म्हणजे डासांचे. म्हणून मावशीचं एवढं ऐक.

१. डेंग्यू किंवा चिकुनगुन्या होऊन गेला असेल, तर यंदा टेबलामागे बसून बिस्किटं वाट – पूर्ण बरं झाल्यावरही सहा महिने थांबायचं असतं, मलेरियानंतर तीन.

२. फॉर्मवरच्या तापाच्या प्रश्नांवर मैत्रिणीचं बघून खुणा करू नकोस – एचआयव्ही, बी आणि सी कावीळ, सिफिलिस, मलेरिया यांची तपासणी प्रत्येक पिशवीची होते, डेंग्यूची मात्र सक्तीची नाही. तिथं सगळी भिस्त तुझ्या खऱ्या उत्तरावर. लाजेनं गिळला ताप, दुसऱ्याच्या शिरेत साप!

३. ‘मी तर ठणठणीत आहे’ यावर विसंबू नकोस – डेंग्यूची लागण झालेल्या बहुतेकांना काही जाणवतच नाही, आणि ज्यांना ताप येतो त्यांच्या रक्तातही विषाणू एक-दोन दिवस आधीपासून असतो.

४. म्हणून रक्तपेढीचा नंबर आणि कार्डावरचा पिशवीचा क्रमांक मोबाइलमध्ये ठेव. नंतरच्या दोन आठवड्यांत अंग तापलं, तर डॉक्टरकडे जाताजाताच त्यांना कळव – एका पिशवीतून तांबड्या पेशी, प्लाझ्मा, प्लेटलेट वेगळे होऊन तीन रुग्णांकडे जाऊ शकतात. पेशी महिनाभर टिकतात, प्लेटलेट पाचच दिवस. त्या निघून जायच्या आत तुझा फोन पोचायला हवा. रात्र झाली, उगाच त्रास कशाला, असं म्हणत बसू नकोस.

५. मावशी उगाच घाबरवते असं समजू नकोस – २००२ साली अमेरिकेत वेस्ट नाइल हा डासांचा विषाणू रक्तातून २३ जणांना गेला, तेव्हा पुढच्याच वर्षी तिथं रक्ताची तपासणी सुरू झाली. सिंगापुरात डेंग्यूही असा पसरलाय.

६. मुळात डासच होऊ नयेत म्हणून फ्रीजमागचा ट्रे आणि कुंडीखालची ताटली दर आठवड्याला घासून कोरडी कर, नुसतं पाणी ओतून भागत नाही – डेंग्यूच्या डासाची मादी अंडी कडेला चिकटवते, आणि ती कोरड्यातही तग धरतात. पाणी निवांत, तर डास श्रीमंत.

७. हे सगळं वाचून पाय मागे घेऊ नकोस हं – डेंग्यूच्या दिवसांतच प्लेटलेटसाठी धावपळ असते, आणि थॅलेसेमियाच्या लेकरांना दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतंच, पाऊस असो वा नसो.

८. सकाळी पोटभर पोहे खाऊन जा, उपास असला तरी त्या दिवशी सोड – रिकाम्या पोटी भोवळ येते.