यकृताचा कर्करोग टाळायचाय? कॅप्सूलच्या आधी शेंगदाणे निवडा

"डॉक्टर, सोनोग्राफीत लिव्हर फॅटी आलंय. पुढे कॅन्सर होऊ नये म्हणून हळदीच्या कॅप्सूल घेऊ का? की भुईआवळीचा रस बरा?" हा प्रश्न मला दवाखान्यात आणि पत्रांतूनही सतत विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. वनस्पतींतल्या काही घटकांचा यकृतावर परिणाम होतो आणि त्यावर चांगलं संशोधनही झालं आहे. त्यातून हाती काय लागलं आणि त्यातलं आपल्या ताटात काय आणायचं, ते आज सांगते.

हा कर्करोग येतो कुठून?

धडधाकट यकृतात हा कर्करोग क्वचितच होतो. हिपॅटायटिस बी किंवा सी, दारू, मधुमेह आणि लठ्ठपणासोबत येणारी चरबी यांमुळे यकृताला वर्षानुवर्षं सूज राहते. हळूहळू ते आतून व्रणांनी भरतं आणि कठीण होतं. यालाच सिऱ्होसिस म्हणतात. बहुतेक गाठी अशाच यकृतात होतात. हिपॅटायटिस बी असेल, तर कधी कधी सिऱ्होसिसच्या आधीही होतात.

आणखी एक कारण थेट आपल्या डब्यांत असू शकतं. शेंगदाणे किंवा मका दमट जागी राहिला की त्यावर वाढणारी बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. ते यकृताच्या पेशींतल्या डीएनएला चिकटतं आणि पेशींच्या वाढीला लगाम घालणारं जनुक बिघडवतं. १९७४ मध्ये राजस्थान-गुजरातच्या सीमेवरच्या आदिवासी भागात बुरशी लागलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसं काविळीनं दगावली होती. थोड्या प्रमाणात पण रोज पोटात गेलं, तर हेच विष वर्षांनंतर कर्करोग घडवतं. शांघायमधल्या १८ हजारांहून अधिक पुरुषांच्या पाहणीचा निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. फक्त अफ्लाटॉक्सिन असेल तर धोका तिपटीहून थोडा जास्त, फक्त हिपॅटायटिस बी असेल तर सुमारे सातपट, पण दोन्ही असतील तर जवळजवळ ६० पट!

छीतोंगचा धडा

वनस्पतिजन्य घटकांची माणसांवरची सर्वांत नेटकी परीक्षा चीनमध्ये, यांगत्से नदीच्या मुखाजवळच्या छीतोंग या भागात झाली. मका हे तिथलं पूर्वीचं मुख्य अन्न आणि यकृताच्या कर्करोगाचं प्रमाण मोठं. १९९७ मध्ये तिथल्या १८० निरोगी प्रौढांपैकी निम्म्यांना पानांतल्या हरितद्रव्यापासून बनवलेलं क्लोरोफिलिन दिलं गेलं: रोज तीन वेळा १०० मिलिग्रॅम, चार महिने. त्यांच्या लघवीतल्या अफ्लाटॉक्सिननं डीएनएला केलेल्या इजेच्या खुणा ५५ टक्क्यांनी कमी निघाल्या. क्लोरोफिलिन या विषाला आतड्यातच धरून ठेवतं, त्यामुळे ते रक्तात कमी जातं.

पुढे तिथंच ब्रोकोलीच्या कोंबांचं पेय देऊन पाहिलं गेलं. त्यातलं सल्फोराफेन यकृताची विष निकामी करणारी यंत्रणा कामाला लावतं. दोन गटांच्या सरासरीत फरक दिसला नाही, मात्र ज्यांच्या शरीरात हा घटक जास्त शोषला गेला, त्यांच्यात विषाच्या खुणा कमी होत्या.

या दोन्ही प्रयोगांत मोजल्या त्या विषाच्या खुणा. कर्करोग टळला की नाही, हे चार महिन्यांत कळत नाही. छीतोंगमध्ये मृत्यूंचा आकडा खाली आणणारा बदल वेगळाच होता. १९८० च्या दशकात लोकांना परवडू लागला तसा मक्याच्या जागी तांदूळ आला आणि रक्तातल्या अफ्लाटॉक्सिनच्या खुणा पुढच्या दोन-तीन दशकांत जवळपास नाहीशा झाल्या. तरुण वयोगटांतले यकृत कर्करोगाचे मृत्यू घटले. त्या पिढ्यांना लहानपणी हिपॅटायटिस बीची लसही मिळालेली नव्हती. विष पोटात जाण्याआधी अडवलं, याचं हे फळ.

भुईआवळी, हळद आणि गुळवेल

काविळीवर भुईआवळी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या दिली जाते. १९८८ मध्ये मद्रासच्या संशोधकांनी हिपॅटायटिस बीच्या वाहकांना ती महिनाभर दिली. ३७ पैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूची खूण गेल्याचं त्यांनी नोंदवलं. हिपॅटायटिस बीचा विषाणू शोधणारे नोबेल विजेते बरूक ब्लूमबर्गही त्या संशोधनात सहभागी होते. मात्र नंतर इतरत्र झालेल्या चाचण्यांत असा परिणाम दिसला नाही. म्हणून हिपॅटायटिस बीची गोळी थांबवून भुईआवळीवर भिस्त ठेवू नका. गोळी अचानक बंद केल्यानं विषाणू उसळून यकृत निकामी होऊ शकतं.

हळदीतलं कुरक्युमिन प्रयोगशाळेतल्या पेशींवर आणि उंदरांवर आशादायक दिसतं, पण माणसाच्या आतड्यातून ते फारच कमी शोषलं जातं. मिरीतल्या पायपरिनमुळे हे शोषण वीसपट वाढतं, असं बंगळूरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवलं. त्यामुळे अनेक कॅप्सूलमध्ये दोन्ही एकत्र असतात. अमेरिकेत २०२२ मध्ये हळदीच्या गोळ्यांमुळे यकृताला इजा झालेल्या दहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. त्यांतल्या एकाचा मृत्यू झाला. भाजी-आमटीतल्या चिमूटभर हळदीची भीती बाळगू नका. भीती आहे ती एकवटलेल्या मात्रेची.

कोविडच्या काळात गुळवेलीचा काढा घेतल्यानंतर यकृताला सूज आलेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवले. आयुष मंत्रालयानं त्यावर आक्षेप घेतला, पण पुढे देशातल्या १३ केंद्रांनी मिळून असे ४३ रुग्ण नोंदवले. ग्रीन टीच्या अर्काबद्दलही युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१८ मध्ये सावध केलं आहे. यकृत आधीच आजारी असेल, तर असा एकवटलेला अर्क पचवण्याचा भारही त्याच्यावरच पडतो.

मग ताटात काय?

सर्वांत भक्कम पुरावा आहे तो साध्या कॉफीचा. नियमित कॉफी पिणाऱ्यांत यकृताचा कर्करोग कमी आढळतो, असं अनेक देशांतल्या पाहण्यांत दिसलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनंही २०१६ मध्ये त्याची दखल घेतली. झोपेचा, धडधडीचा त्रास नसेल, तर दिवसाला दोन-तीन कप, साखर न घालता किंवा अगदी कमी घालून घ्यायला हरकत नाही. कोबी, फ्लॉवर, मुळा ही ब्रोकोलीच्याच कुळातली भावंडं. ती चिरून थोडा वेळ ठेवा आणि अगदी गाळ होईपर्यंत शिजवू नका. हिरव्या पालेभाज्या रोज हव्यात.

हे एवढं नक्की करा

• शेंगदाणे, मका, सुकं खोबरं, मिरच्या नीट वाळवून कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. पावसाळ्यात थोडेच आणा. कुटासाठी शेंगदाणे भाजण्याआधी निवडा. सुरकुतलेले, काळपट, बुरशी लागलेले, कडू लागणारे दाणे फेकून द्या. भाजल्यानं हे विष पूर्ण जात नाही.

• हिपॅटायटिस बी आणि सी यांची रक्ततपासणी आयुष्यात एकदा तरी करा. हिपॅटायटिस सी बहुतेकांत १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात या दोन्हींची तपासणी आणि उपचार सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. बाळाला जन्मापासून २४ तासांच्या आत हिपॅटायटिस बीची लस द्या.

• दारू पूर्ण सोडा, वजन आणि साखर आटोक्यात ठेवा.

• सिऱ्होसिस असेल, किंवा हिपॅटायटिस बी असून डॉक्टरांनी सांगितलं असेल, तर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपी ही रक्ततपासणी चुकवू नका. सुरुवातीची गाठ दुखत नाही, कावीळही होत नाही. दोन-तीन सेंटिमीटरची असतानाच सापडली, तर शस्त्रक्रिया करून, सुईनं जाळून किंवा यकृत प्रत्यारोपण करून ती समूळ काढता येऊ शकते.

• काढा, चूर्ण, कॅप्सूल काहीही घेत असाल, तर न संकोचता डॉक्टरांना सांगा. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली किंवा खूप खाज सुटली, तर ते त्याच दिवशी थांबवा आणि रक्त तपासून घ्या.

महिन्याला कॅप्सूलवर खर्च होणारे पैसे आधी हिपॅटायटिसच्या तपासणीवर आणि सोनोग्राफीवर खर्च करा. यकृत वाचवणारे खरे उपाय तिथून सुरू होतात.