किल्ट नेसून कामावर जाताना

एडिंबरातल्या कितीतरी हॉटेलांत दारावर, स्वागतकक्षात आणि लग्नाच्या हॉलमध्ये काम करणाऱ्या पुरुषांना किल्टचा गणवेश असतो. इथे शिकायला आलेली आपली मराठी मुलं पुष्कळदा पहिली नोकरी अशाच ठिकाणी धरतात. विद्यापीठाचं सत्र चालू असताना विद्यार्थी व्हिसावर आठवड्याला २० तास काम करता येतं, आणि शनिवार-रविवारच्या समारंभांना माणसं हवीच असतात. मीही असाच या गणवेशात आलो, पदवी मिळाल्यावर याच व्यवसायात राहिलो. नव्या मुलांना किल्ट कसा नेसायचा ते शिकवण्याचं काम आता माझ्याकडे असतं. शिकवताना मी दोन गोष्टी एकत्र सांगतो: हा पोशाख पूर्ण आणि नीट कसा घालायचा, आणि तो घातलेला असताना कुणी मर्यादा ओलांडली तर काय करायचं. दुसरी गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. ती माझ्यावर गुदरली.

डिसेंबर म्हणजे इथे पार्ट्यांचा हंगाम. एका कंपनीची पार्टी पहिल्या मजल्यावर रंगात आली होती आणि मी ग्लासांचा भरलेला क्रेट दोन्ही हातांनी धरून जिना चढत होतो. मागून कुणीतरी किल्टची कड धरून वर उचलली, मांडीवर हात पडला आणि मोबाइलचा फ्लॅश चमकला. चार-पाच जणी हसत होत्या. खरा स्कॉटिश माणूस किल्टच्या आत काय घालतो ते बघायचं होतं, असं त्यातली एक म्हणाली. क्रेट हातातून सुटला असता तर खालच्या पायऱ्यांवरच्या लोकांवर काचा पडल्या असत्या. मी वरच्या चौकात पोचलो, क्रेट खाली ठेवला, वळलो आणि स्पष्ट सांगितलं, “मला हात लावायचा नाही. फोटो आत्ता काढून टाका.” मग थेट शिफ्टच्या प्रमुखाकडे गेलो. तो म्हणाला, “किल्ट म्हटला की एवढं चालायचंच.”

त्याचं हे वाक्य मला त्या हातापेक्षा जास्त लागलं. गणवेश त्यांनी दिलेला, काम त्यांचं, आणि त्या कामात अंगाला हात लागला तर तो मात्र गणवेशाचाच भाग!

त्या रात्री घरी पोचल्यावर मी सगळं लिहून काढलं: किती वाजता, कोणत्या जिन्यावर, कोण हजर होतं, कोण काय बोललं, प्रमुखाने काय उत्तर दिलं. ते एचआरला ईमेलने पाठवलं आणि जिन्यावरच्या सीसीटीव्हीचं चित्रण जपून ठेवा, अशी विनंती त्यातच केली. हे महत्त्वाचं ठरलं, कारण असं चित्रण ठरावीक काळाने पुसलं जातं. चौकशी झाली, माझी लेखी माफी मागितली गेली, आणि पुढे नियमही बदलले. रात्रीच्या पार्ट्यांना जिन्यावर एकट्याने माल न्यायचा नाही. छेड काढणाऱ्या पाहुण्याला सेवा नाकारण्याचा अधिकार कर्मचाऱ्याला. आणि ज्याला किल्ट नको असेल त्याला त्याच टार्टनची (चौकड्यांच्या लोकरी कापडाची) विजार, म्हणजे ट्रूज.

हे प्रकरण एकट्या माझं नाही. २०१७ साली इन्व्हरनेसमधल्या एका बारच्या पुरुष कर्मचाऱ्यांनी गिऱ्हाइक बायकांच्या अशाच वागण्याला कंटाळून किल्ट घालणं सोडलं, तेव्हा त्याच्या बातम्या झाल्या. बाई पुरुषाची छेड काढते तेव्हा लोकांना ती थट्टा वाटते. ती थट्टा नव्हे. परवानगीवाचून कुणाच्या कपड्याखालचा फोटो घेणं हा स्कॉटलंडमध्ये २०१० च्या कायद्यापासून गुन्हा आहे, इंग्लंडमध्ये तसा कायदा २०१९ साली आला, आणि किल्ट घातलेल्या पुरुषालाही त्याचं संरक्षण आहे. शिवाय २६ ऑक्टोबर २०२४ पासून ब्रिटनमधल्या प्रत्येक मालकावर कर्मचाऱ्यांचा लैंगिक छळ होऊ नये म्हणून आधीच पावलं उचलण्याची कायदेशीर जबाबदारी आहे. तुम्ही तक्रार करता तेव्हा मालकाकडे मेहेरबानी मागत नसता.

आता पोशाखाबद्दल. नीट नेसलेला किल्ट निम्मी संकटं दारातच अडवतो.

आत काय घालायचं, हा प्रश्न कामाच्या ठिकाणी उरतच नाही. गडद रंगाची, मांडीला लागून बसणारी शॉर्ट घाला. आत काही न घालणं ही ‘परंपरा’ असल्याचं तुम्हाला दहा जण सांगतील. स्कॉटिश टार्टन्स ऑथॉरिटीच्या संचालकांनीच २०१० साली त्या प्रथेला पोरकट आणि अस्वच्छ म्हटलं होतं. माझ्या बाबतीत त्या फोटोत काळ्या कापडापलीकडे काही आलं नाही, याचं श्रेय त्या शॉर्टला. पण एक लक्षात ठेवा: शॉर्ट घातली होती म्हणून त्या बाईचा गुन्हा कमी होत नाही, आणि नसती घातली तरी वाढला नसता. ती आपल्या सोयीसाठी आणि आपल्या निश्चिंतीसाठी.

नेसण्याचा क्रम पाळा. आधी गुडघ्याखाली दुमडायचे लोकरी मोजे आणि बूट, नंतर शर्ट, मग किल्ट. किल्ट कसून बांधल्यावर वाकून नाड्या बांधणं त्रासाचं असतं. किल्टला चुण्या फक्त मागे असतात. पुढे दोन सपाट पदर एकावर एक येतात. आतल्या पदराचा पट्टा डाव्या कमरेवरच्या फटीतून बाहेर काढून बकलात अडकवायचा, वरचा पदर उजवीकडे नेऊन तिथल्या बकलांत. किल्ट विजारीसारखा कमरेच्या हाडावर टेकवू नका. तो बेंबीच्या पातळीवर बसतो आणि त्याची खालची कड गुडघ्याच्या वाटीच्या मध्यावर किंवा जराशी वर येते. खाली उतरलेला किल्ट ढगळ दिसतो आणि जिन्यावर पायांत येतो. पदरावरची पिन उजव्या खालच्या कोपऱ्यात, आणि फक्त वरच्या पदराला. दोन्ही पदर एकत्र टाचले की चालताना कापड ताणतं आणि फाटतं.

कापडाचं वजन बघा. चांगल्या किल्टला सुमारे आठ यार्ड, म्हणजे सात मीटरहून जास्त लोकरी कापड लागतं, आणि ते यार्डाला १३ ते १६ औंसांचं असतं. एडिंबरात नॉर्थ ब्रिजवरचा किंवा वेव्हर्ली स्थानकाच्या पायऱ्यांवरचा वारा ज्याने खाल्ला आहे, त्याला या वजनाचं मोल सांगावं लागत नाही. रॉयल माइलवरच्या पर्यटकांच्या दुकानात मिळणारा हलका, कृत्रिम धाग्याचा किल्ट एका झोताने उडतो. तो कामावर घालण्याजोगा नसतो. हॉटेलने तसला दिला तर जड मागा. मागायला हरकत नाही.

बसण्या-उठण्याची सवय लावून घ्या. धोतर नेसणारा माणूस जसा बसताना नकळत निऱ्या सावरतो, तसं इथे मागच्या चुण्यांवरून हात फिरवून त्या खाली सपाट करायच्या आणि मग टेकायचं. गुडघे जवळ, पदर दोन्ही मांड्यांमध्ये सोडलेला, आणि समोरची कातडी पिशवी, म्हणजे स्पॉरन, त्या पदरावर. वजन उचलताना कमरेत वाकू नका, गुडघ्यांत वाका. पाठ वाचते आणि मागची कडही वर जात नाही. सामान वाहताना स्पॉरन कमरेवर बाजूला सरकवा, नाहीतर ती बॅगेला घासत राहते.

दिवसाच्या आणि रात्रीच्या पोशाखांची सरमिसळ टाळा. दिवसाच्या कामाला ट्वीडचं जाकीट किंवा साधा लोकरी स्वेटर, गडद मोजे, कातड्याची साधी स्पॉरन आणि नेहमीचे पॉलिश केलेले बूट पुरतात. प्रिन्स चार्ली नावाचं आखूड जाकीट, बो टाय आणि साखळीची केसाळ स्पॉरन हा संध्याकाळच्या समारंभाचा थाट. वेस्टकोट घातला की पट्टा नको. कार्यालयात नोकरी करणाऱ्यांनाही हेच लागू. ३० नोव्हेंबरच्या सेंट अँड्र्यू दिनाला किंवा २५ जानेवारीच्या बर्न्स नाइटला सहकारी किल्ट घालून आले आणि तुम्हालाही घालावासा वाटला, तर भाड्याचा लग्नी पोशाख सकाळी नऊला अंगावर चढवू नका. साधं जाकीट मागा.

मोज्यात खोचायचा छोटा सुरा, स्कीअन डू, घरी ठेवा. स्कॉटलंडचा कायदा राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून तो बाळगण्याचं कारण मान्य करतो, पण जिथे दारू वाहते, गर्दी असते आणि वाद होऊ शकतो तिथे कर्मचाऱ्याच्या पायात पातं असू नये. भाड्याच्या पोशाखात पुष्कळदा नुसती प्लास्टिकची मूठ येते. कामाला तीच बरी.

आपल्या मुलांना आणखी एक संकोच असतो: मी तर सांगलीचा किंवा नाशिकचा, मला टार्टन घालण्याचा हक्क आहे का? आहे. मोजके राखीव नमुने सोडले तर टार्टन कुणीही घालू शकतो. बॅल्मोरल तेवढा राजघराण्यासाठी ठेवलेला आहे. ब्लॅक वॉच किंवा एडिंबरा शहराचा टार्टन घालताना तुमचं आडनाव कुणी विचारत नाही. अपेक्षा एवढीच की पोशाख पूर्ण घाला आणि त्याचा आब राखा. कलोडनच्या लढाईनंतर १७४६ च्या कायद्याने हायलँडमधल्या सामान्य पुरुषांना हा पोशाख घालायला बंदी झाली होती. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने कैद, दुसऱ्याला सात वर्षं समुद्रापार हद्दपारी. ती बंदी १७८२ मध्ये उठली. ज्या कापडासाठी माणसं तुरुंगात गेली, ते उचलून बघण्याची वस्तू नव्हे, हे मी पाहुण्यांनाही शांतपणे सांगतो, आणि बहुतेक जण ऐकून घेतात.

जे ऐकत नाहीत, त्यांच्यासाठी पायऱ्या ठरवून ठेवा. पहिल्यांदा मोठ्याने, स्पष्ट ‘नाही’ म्हणा. कसनुसं हसून वेळ मारून नेऊ नका, कारण त्या हसण्याला पुढे होकार समजलं जातं. हातातलं काम सुरक्षित जागी ठेवून तिथून बाजूला व्हा. साक्षीदाराचं नाव लक्षात ठेवा. त्याच दिवशी लेखी तक्रार द्या आणि सीसीटीव्ही चित्रण राखून ठेवायला सांगा. वरिष्ठांनी कानाडोळा केला तर एकासवर, म्हणजे कामगार-मालक तंट्यांत विनामूल्य सल्ला देणाऱ्या संस्थेच्या हेल्पलाइनवर बोला. गुन्हा नोंदवायचा तर तातडी नसताना पोलिसांचा क्रमांक १०१, तातडी असताना ९९९.

आणि व्हिसाच्या भीतीने गप्प बसू नका. मला भेटणाऱ्या मुलांच्या मनात हीच भीती सगळ्यात खोल असते. विद्यार्थी व्हिसा विद्यापीठाच्या आधारावर असतो, हॉटेलच्या नव्हे. छळाची तक्रार केल्याने तुमची कोणतीही अट मोडत नाही. तासांची मर्यादा तेवढी काटेकोर पाळा.

अशी नोकरी पत्करण्याआधी तीन प्रश्न विचारा: किल्टचं कापड कोणतं, रात्रीच्या समारंभांना सोबत कोण असतं, आणि ट्रूज घालायची मुभा आहे का. नीट उत्तरं देणाऱ्या ठिकाणी काम करा. तिथे हा पोशाख दिवसभर अभिमानाने मिरवता येतो. जिथे हसून विषय बदलला जातो, तिथली नोकरी सोडून द्या. एडिंबरात दुसरं हॉटेल चार पावलांवर असतं.