मोठी बॅटरी घ्यायची की दुपारचं सॉकेट?

"रोजचं रनिंग किती?" इलेक्ट्रिक टेम्पोच्या शोरूममध्ये पहिला प्रश्न हाच येतो. आपण म्हणतो, ऐंशी-नव्वद. समोरचा मान डोलावतो, "मग मोठ्या बॅटरीचीच घ्या साहेब, कटकट नको." एवढ्या बोलण्यावर माणूस लाखभर रुपये वाढवून सही करून मोकळा होतो. पुण्यात मार्केटयार्डपासून चाकण-हिंजवडीपर्यंत माल पोचवणं हा माझा धंदा. मोठ्या बॅटरीच्या गाड्याही माझ्याकडे आहेत, छोट्याही. नवी गाडी घ्यायला निघालेले ओळखीचे लोक विचारायला येतात तेव्हा मी रनिंग शेवटी विचारतो. आधी विचारतो, दुपारी एक ते तीन गाडी कुठे उभी असते?

बॅटरीचं माप किलोवॅट-तासात सांगतात. वीजबिलावरचं एक युनिट म्हणजे तेच, म्हणून आमच्यात सगळे युनिटच म्हणतात. चारचाकी छोट्या टेम्पोंत साधारण 14 ते 21 युनिटांच्या बॅटऱ्या येतात. महिंद्राची झेओ ऑक्टोबर 2024 मध्ये आली ती 18.4 आणि 21.3 अशा दोन मापांत. पण नुसती युनिटं मोजून गाडी किती जाईल ते कळत नाही. टाटाचा इलेक्ट्रिक छोटा हत्ती मे 2022 मध्ये आला, बॅटरी 21.3 युनिट, कागदावर 154 किलोमीटर. जून 2025 मध्ये त्याच घरातली एस प्रो आली, बॅटरी 14.4 युनिट आणि कागदावर 155 किलोमीटर. बॅटरी एक तृतीयांशाने कमी, आकडा तोच. गाडीचं वजन आणि बांधणी बदलली की हिशेब असा फिरतो.

आणि कागदावरचा आकडा हा चाचणीतला. मार्केटयार्डातून पहाटे गच्च भरलेली गाडी सिग्नल, खड्डे आणि उड्डाणपूल पार करत जाते तेव्हा युनिटामागे 5 किलोमीटर मिळाले तरी मी समाधानी असतो.

माझी पहिली मोठ्या बॅटरीची गाडी एका करारापायी आली. ज्या कंपनीचा माल उचलायचा होता तिची अट होती, एका चार्जिंगमध्ये 100 किलोमीटर झालेच पाहिजेत. करार संपला, हप्ते चालू राहिले. ती गाडी मग शहरातल्या किराणा दुकानांच्या फेऱ्यांना लावली. सकाळी भरून निघायची, दुपारी गोडाऊनला परत, संध्याकाळी आणखी एक फेरी. रात्री चार्जिंगला लावताना पाहावं तर निम्म्याच्या आसपास शिल्लक. लोकांना वाटतं, शिल्लक राहिली तर चांगलंच की. पण ही शिल्लक फुकट फिरत नाही. या गाड्यांत बहुतेक ठिकाणी लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी असते. टिकाऊ, सहसा पेट न घेणारी, पण जड. दहा युनिटांना 80 ते 100 किलो सहज. गाडीचं एकूण वजन आरटीओच्या पासिंगला बांधलेलं, म्हणजे बॅटरी वाढली की माल घटला. दहा युनिट जास्त घेतली तर प्रत्येक फेरीला कांद्याच्या दोन गोणी कमी. भाजीवाल्याला हा फरक पहिल्याच आठवड्यात कळतो. पाव, वेफर्स किंवा थर्माकोल वाहणाऱ्याला कधीच कळणार नाही, कारण त्याची गाडी वजनाआधी जागेने भरते.

छोट्या बॅटरीची गाडी त्यानंतर आली. ती एका ग्राहकाच्या गोडाऊनला लागायची आणि तिथे दुपारी हमालांची जेवणाची सुट्टी असायची. भिंतीवर 15 अँपिअरचं सॉकेट होतं. अशा सॉकेटवर तासाला साधारण 3 युनिट भरतात. दोन तासांत 6, म्हणजे 30 किलोमीटर. ही छोटी गाडी दिवसाला मोठीपेक्षा जास्त पळू लागली. सॉकेट, एमसीबी, जाड वायर आणि धड अर्थिंग एवढ्याचा खर्च काही हजारांत बसतो. मोठ्या बॅटरीचे ज्यादा पैसे मोजून जे 30 किलोमीटर मिळणार, ते इथे त्या मानाने चिल्लरीत मिळत होते.

हे सुख दुसऱ्याच्या भिंतीवरचं होतं. गोडाऊनला नवा मॅनेजर आला, वीजबिल पाहिलं आणि सॉकेटला कुलूप घातलं. युनिटामागे पैसे देतो म्हटलं तरी ऐकेना. त्याच्या वरच्यांची परवानगी नव्हती. या चार्जिंगवर होणारी संध्याकाळची तिसरी फेरी त्या दिवसापासून बंद. ती टिकवायला शेजारच्या डिझेल टेम्पोला भाडं द्यावं लागलं आणि महिन्याची बचत त्यातच गेली. म्हणून सांगतो, दुपारच्या चार्जिंगच्या भरवशावर छोटी बॅटरी घेणार असाल तर ती सोय भाड्याच्या करारात लिहून घ्या. सबमीटर कुणाचा, दर काय, वेळ कोणती, हे सगळं. तोंडी "लावा हो, काय होतंय" ही सोय माणूस बदलला की संपते.

घाटाची गोष्ट मात्र वेगळी आहे, तिथे मी मोठ्या बॅटरीच्याच बाजूने. आमची मोठी गाडी एकदा खोपोलीला माल टाकून रिकामी यायची होती. ड्रायव्हरला परतीचं भाडं मिळालं, त्याने ते घेतलं. कुणीही घेतलं असतं. बोरघाटाच्या मध्यातून त्याचा फोन. "मालक, खाली चाळीस टक्के होते, आता वीस दाखवतंय. आणि अजून वळणं आहेत."

"मागे माल किती आहे?"

"सातशे-आठशे किलो असेल."

"हळू चढव, घाई करू नको. लोणावळ्यात चार्जिंगला लाव आणि तिथेच जेव."

तो पोचला, जेमतेम. नंतर मी कागदावर हिशेब मांडला. खोपोली ते लोणावळा ही चढण साधारण साडेपाचशे मीटरची. गाडी आणि माल मिळून दोन टन. एवढं वजन एवढं उंच उचलायलाच 3 युनिट लागतात, मोटर आणि गिअरमध्ये जातं ते वेगळं, रस्त्याचं नेहमीचं वेगळं. पंधरा-सोळा किलोमीटरच्या त्या टप्प्यात 6 युनिटांच्या आसपास खर्च होणार. एरवी तेवढ्यात गाडी 30 किलोमीटर जाते. 21 युनिटांच्या बॅटरीला हा धक्का सोसतो, 14 च्या बॅटरीत जवळजवळ निम्मी संपते. उतरताना थोडं परत मिळतं हे खरं, पण बॅटरीत जागा असेल तर. लोणावळ्याला शंभर टक्के भरून घाट उतरायला लागलात तर परत येणारी वीज ठेवायची कुठे? मग सगळा भार ब्रेकवर. घाट उतरायच्या आधी ऐंशी-पंच्याऐंशीला थांबवा, असं मी आता सगळ्या ड्रायव्हरांना सांगून ठेवलंय.

पैशांचं बोलू. समजा दोन मॉडेलांत लाखाचा फरक आहे आणि कर्ज 11 टक्क्यांनी 4 वर्षांचं. महिन्याला साधारण 2,600 रुपये हप्ता वाढतो. एका ज्यादा फेरीतून वीज आणि ड्रायव्हरचा भत्ता वजा जाता हातात 400 उरत असतील तर महिन्याला सात फेऱ्या अशा हव्यात, ज्या छोट्या बॅटरीने झाल्याच नसत्या. "अशा" या शब्दावर बोट ठेवून हिशेब करा. ज्या फेऱ्या तशाही होणार होत्या त्या यात धरायच्या नाहीत. विकणारा नेमका त्या धरतो. तो डिझेलशी तुलना मांडून दाखवतो, किलोमीटरमागे अडीच-तीन रुपये वाचतात म्हणून. वाचतात, पण ते छोट्या बॅटरीवरही तेवढेच वाचतात.

दुसरा भागाकार शोरूममध्येच उभ्या उभ्या करण्यासारखा आहे. दोन किमतींतला फरक भागिले दोन बॅटऱ्यांतला युनिटांचा फरक. ब्लूमबर्गएनईएफ या संशोधन संस्थेच्या पाहणीत 2024 साली जगभरातल्या बॅटरी पॅकची सरासरी किंमत युनिटामागे 115 डॉलर आली होती, म्हणजे दहा हजार रुपयांच्या आत. आपल्याकडे थोडं वर-खाली होणारच. पण भागाकार वीस हजारांवर गेला तर उरलेले पैसे कशाचे ते विचारा. कधीकधी उत्तर चांगलं निघतं: मोठ्या मॉडेलला फास्ट चार्जिंगचं तोंड असतं आणि छोट्याला नसतं. तसं असेल तर माझं मत फिरतं. शहराबाहेर जाणाऱ्या गाडीला ते तोंड दोन-चार ज्यादा युनिटांपेक्षा मोलाचं. कधी उत्तर येतं, मोठा टचस्क्रीन.

तीनचाकीवाल्यांना वेगळीच भूल पडायची. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत 2024-25 साली मालवाहू तीनचाकीला युनिटामागे 5,000 रुपये अनुदान होतं, पण 50,000 ची कमाल मर्यादा. म्हणजे दहा युनिटांच्या वरच्या बॅटरीला सरकारकडून एक रुपयाही जास्त नाही. "मोठी घ्या, अनुदान जास्त" हे वाक्य अशा वेळी अर्धंच खरं असतं.

आता चौथ्या वर्षाबद्दल, कारण खरेदी करताना सगळे पहिल्या वर्षाचाच विचार करतात. 18 युनिटांची बॅटरी, युनिटामागे 5, झाले 90 किलोमीटर. तळाचे 15 टक्के मी कधीच मोजत नाही. पाऊस, ट्रॅफिक, चुकलेला पत्ता यांच्यासाठी ते ठेवायचे. राहिले 76. चार वर्षांत क्षमता 15 टक्क्यांनी उतरेल असं धरून चाललं तर राहिले 65. हप्ता फिटायच्या महिन्यात तुमच्या हातात 65 ची गाडी असेल, ब्रोशरमधली नाही. तुमचा सगळ्यात लांबचा नेहमीचा दिवस या आकड्यात बसतो का ते पाहा. दिवाळीच्या आठवड्यातला एखादा दिवस पाहू नका, त्या दिवशी भाड्याची गाडी करा. नेहमीचा दिवस बसत नसेल आणि दुपारी सॉकेटही नसेल, तर मोठी बॅटरी घ्या आणि पुन्हा विचार करू नका. मोठी बॅटरी रोज तळाशी जात नाही, म्हणून ती झिजतेही सावकाश. हा तिचा खरा फायदा, जो विक्रेते सांगतच नाहीत. वॉरंटीच्या कागदात वर्षं आणि किलोमीटर यांतलं जे आधी संपेल ते धरलेलं असतं, आणि क्षमता किती टक्क्यांखाली गेली तर बदलून देणार हेही लिहिलेलं असतं. ती ओळ वाचल्याशिवाय पैसे भरू नका. नंतर वेगळी बॅटरी घ्यायची वेळ आली तर जीएसटी 18 टक्के आहे, गाडीसोबत आली तर 5.

शेवटची अडचण घरची. आमच्या गाड्या रात्री अकराला येतात आणि पहाटे पाचला निघतात. सहा तासांत 15 अँपिअरवर 18 युनिट भरतात. 21 युनिटांची बॅटरी रिकामी आली तर ती भरतच नाही, मोठेपणाचे पैसे देऊनही. मग जास्त क्षमतेचा चार्जर हवा आणि त्यासाठी मीटरचं लोड वाढवायला हवं. तीन गाड्या एकदम लावल्या तर दहा किलोवॅटचं काम आहे, घरगुती सिंगल फेजवर ते निभत नाही. वाहन चार्जिंगसाठी महावितरणचा वेगळा दर आहे. वेगळं मीटर घेतलं की घरगुती बिलाचे वरचे स्लॅब बसत नाहीत. हा अर्ज गाडी बुक करायच्या आधी टाका. कोटेशन, वायरिंग, तपासणी यांत दिवस जातात आणि गाडीचा हप्ता डिलिव्हरी मिळाली की सुरू होतो.