नव्या वसाहतींतील रस्ते व पदपथ : रुंदीची वाटणी आणि जबाबदारीचे हस्तांतर

शहराचा विस्तार प्रथम कागदावर होतो आणि नंतर जमिनीवर. शेतजमिनीचे बिगरशेती रूपांतर, रेखांकनाची मंजुरी, भूखंडांची किंवा सदनिकांची विक्री आणि शेवटी रहिवाशांचे आगमन असा हा क्रम असतो. या क्रमात घरांच्या दर्जाविषयी पुष्कळ चर्चा होते. परंतु घराच्या फाटकाबाहेर जो रस्ता व पदपथ असतो, त्याच्या दर्जाची विचारणा क्वचितच होते. वास्तविक घराचा आराखडा पुढे बदलता येतो, इमारत पाडून नव्याने बांधता येते. एकदा भूखंड विकले गेले की रस्त्याची हद्द मात्र सहसा पिढ्यान्‌पिढ्या बदलत नाही. म्हणूनच नव्या निवासी वसाहतींतील रस्त्यांची मानके हा केवळ अभियांत्रिकीचा विषय नसून दीर्घकालीन गुंतवणुकीचा व सामाजिक न्यायाचा विषय आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार देशाची नागरी लोकसंख्या सुमारे ३७.७ कोटी, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या ३१.१६ टक्के होती. त्याच जनगणनेत शेतीबाहेरील कामगारांच्या कामावर जाण्याच्या साधनांची नोंद प्रथमच घेण्यात आली. त्यांपैकी सुमारे साडेचार कोटी लोक पायी कामावर जात होते आणि मोटारीने जाणाऱ्यांची संख्या त्याच्या कितीतरी पट कमी होती. दुसरी बाजू अपघातांची आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांत ३२,८२५ पादचारी होते. दर पाच मृतांमागे जवळपास एक पादचारी, हे प्रमाण धोरणकर्त्यांना अस्वस्थ करणारे आहे.

मानके काय सांगतात?

भारतात रस्त्यांची मानके तयार करण्याचे काम प्रामुख्याने इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था करते. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ मध्ये नेमलेल्या रस्ते विकास समितीच्या शिफारशीतून ही संस्था डिसेंबर १९३४ मध्ये स्थापन झाली. नागरी रस्त्यांसाठी लागणाऱ्या जागेविषयी तिने १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आयआरसी : ६९ या मानकात स्थानिक रस्त्यांची एकूण रुंदी १० ते २० मीटर सुचविली आहे. पादचारी सुविधांविषयीची आयआरसी : १०३ ही मार्गदर्शिका प्रथम १९८८ मध्ये निघाली व २०१२ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली. तीनुसार निवासी भागात पदपथाची चालण्यायोग्य, अडथळाविरहित रुंदी किमान १.८ मीटर आणि डोक्यावरील मोकळी उंची २.२ मीटर असावी. पदपथाच्या कर्बची उंची १५० मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी.

१.८ मीटर या आकड्यामागे साधे तर्कशास्त्र आहे. चाकांच्या खुर्च्यांवरील दोन व्यक्ती समोरासमोरून जाऊ शकतील, एवढी ही जागा होय. कर्बची मर्यादाही अशीच आहे. पदपथ फार उंच केला की वृद्ध, गरोदर स्त्रिया व लहान मुले त्यावर चढण्याचे टाळतात आणि रस्त्यावरूनच चालतात. तेव्हा उंच पदपथ सुरक्षित असतो, हा समज चुकीचा आहे.

ही मानके उत्तम असली तरी ती मार्गदर्शक स्वरूपाची आहेत. निविदेत, विकास नियंत्रण नियमावलीत किंवा मंजुरीच्या अटींत त्यांचा समावेश झाला, तरच ती बंधनकारक ठरतात. नगररचना व रस्ते हे विषय ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत समाविष्ट झाले असून प्रत्यक्ष अंमलबजावणी राज्य शासन व स्थानिक स्वराज्य संस्था यांच्याकडे आहे. परिणामी एकाच देशात शहराशहरांगणिक पदपथाचे भवितव्य वेगळे ठरते.

रुंदी मोजली जाते, वाटणी नाही

रेखांकन मंजूर करताना अधिकारी प्रामुख्याने रस्त्याची एकूण रुंदी तपासतात. अनेक राज्यांच्या नियमांत कमी लांबीच्या अंतर्गत रस्त्यांसाठी ९ मीटर रुंदी चालते. आता या ९ मीटरची वाटणी पाहू. दोन्ही बाजूंना १.८ मीटरचे पदपथ धरले तर ३.६ मीटर जातात आणि वाहनमार्गासाठी ५.४ मीटर उरतात. संथ गतीच्या दुतर्फा वाहतुकीला एवढी जागा पुरते. म्हणजे ९ मीटरच्या रस्त्यावरही योग्य पदपथ शक्य आहे. मात्र त्यासाठी दोन अटी पाळाव्या लागतात. रहिवाशांची वाहने भूखंडाच्या आत उभी राहिली पाहिजेत आणि विजेचे खांब, रोहित्रे व झाडे चालण्याच्या पट्ट्यात येता कामा नयेत. प्रत्यक्षात या दोन्ही अटी मोडतात. वाहने रस्त्यावर येतात, खांब पदपथावर येतात आणि पादचारी वाहनमार्गावर येतो.

यावर रुंदी वाढवावी, असा उपाय सहज सुचतो. तथापि त्यालाही किंमत आहे. ३०० मीटर लांबीचा रस्ता ९ ऐवजी १२ मीटरचा केला तर ९०० चौरस मीटर जमीन विक्रीतून बाहेर पडते. तिचा भार अखेर घराच्या किमतीवर पडतो. मानके परवडेनाशी झाली की अल्प उत्पन्न गटातील कुटुंबे नियमबाह्य वसाहतींकडे वळतात. महाराष्ट्रातील गुंठेवारी नियमित करण्यासाठी २००१ मध्ये कायदा करावा लागला. दिल्लीतील १,७३१ अनधिकृत वसाहतींतील रहिवाशांना मालकी हक्क देण्यासाठी २०१९ मध्ये केंद्र शासनाला विशेष योजना आणावी लागली. अशा वसाहतींत रस्त्याची रुंदी बाजारच ठरवितो आणि ती बहुधा अग्निशमन वाहनालाही अपुरी पडते. म्हणून सरसकट रुंदी वाढविण्यापेक्षा उपलब्ध रुंदीची वाटणी मंजुरीच्या वेळीच निश्चित करणे अधिक किफायतशीर ठरते. १२ मीटर रुंदी जेथे शक्य आहे तेथे दोन पदपथ व ५.५ मीटरचा वाहनमार्ग वजा जाता २.९ मीटर उरतात. ही जागा झाडे, खांब व मर्यादित वाहनतळ यांसाठी राखून ठेवता येते.

बांधकामाचा दर्जा

पदपथाचे अपयश बहुधा जमिनीखाली सुरू होते. भरावाची पुरेशी दबाई न करता त्यावर वाळू व पेव्हर ब्लॉक बसविले की पहिल्या दोन पावसाळ्यांत ते खचतात. कडेला भक्कम कर्ब नसेल तर ब्लॉक बाजूला सरकतात व सांधे उघडे पडतात. पाणी वाहून जाण्यासाठी सौम्य आडवा उतार, पर्जन्यजल वाहिनी आणि तिच्या झाकणांची पदपथाशी समपातळी या गोष्टी दिसायला किरकोळ असल्या तरी पदपथ वापरला जाईल की नाही, हे त्यांवरच अवलंबून असते.

दुसरा मुद्दा फाटकांचा. प्रत्येक घराच्या फाटकापाशी पदपथ खाली उतरविला तर पादचाऱ्याला दर दहा-पंधरा मीटरला चढउतार करावा लागतो. योग्य पद्धत उलट आहे. पदपथ सलग एका पातळीत राहावा आणि वाहनाने लहान उतारावरून तो ओलांडावा. तिसरा मुद्दा भूमिगत वाहिन्यांचा. पाणी, मलनिःसारण, वीज व दूरसंचार यांच्या वाहिन्यांसाठी आडव्या नळ्या डांबरीकरणापूर्वीच टाकल्या नाहीत, तर नवा रस्ता वारंवार खोदावा लागतो. बंगळूर येथे टेंडरशुअर पद्धतीने पुनर्रचित केलेल्या काही रस्त्यांवर या वाहिन्यांना पदपथाखाली निश्चित जागा देण्यात आली. जुन्या शहरात हे काम खर्चिक व कष्टाचे असते. मोकळ्या जमिनीवरील नव्या वसाहतीत ते तुलनेने सुलभ असते.

बाजार का अपयशी ठरतो?

पदपथ ही अर्थशास्त्राच्या परिभाषेत स्थानिक सार्वजनिक वस्तू आहे. तिचा लाभ कोणालाही नाकारता येत नाही व त्यामुळे तिच्यासाठी स्वतंत्रपणे पैसे मोजण्यास कोणी पुढे येत नाही. त्यातच माहितीची असममितता आहे. ग्राहकाला सदनिकेतील फरशी दिसते, परंतु रस्त्याखालील थरांची जाडी दिसत नाही. विकासकाचा संबंध विक्रीपर्यंत असतो, तर रस्त्याचे आयुष्य त्यानंतर सुरू होते. बांधकामात वाचलेला खर्च विकासकाच्या खात्यात जमा होतो आणि दुरुस्तीचा खर्च रहिवासी किंवा नगरपालिका यांच्या खात्यात पडतो.

हा पेच हस्तांतराच्या वेळी सर्वाधिक तीव्र होतो. रस्ते निकृष्ट आहेत म्हणून नगरपालिका ते ताब्यात घेत नाही. प्रकल्प पूर्ण झाला म्हणून विकासक लक्ष देत नाही. रहिवासी मालमत्ता कर भरत राहतात आणि मधल्या काळात रस्ता कोणाचाच नसतो. या संदर्भात रतलाम नगरपालिकेच्या प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाचा १९८० चा निर्णय आजही मार्गदर्शक आहे. गटारे व स्वच्छता यांबाबतचे वैधानिक कर्तव्य निधीच्या अभावाची सबब सांगून टाळता येणार नाही, असे न्यायालयाने त्यात स्पष्ट केले.

कायद्याने दिलेली साधने

आज साधनांची उणीव नाही. स्थावर संपदा (नियमन व विकास) अधिनियम, २०१६ मधील अंतर्गत विकासकामांच्या व्याख्येत रस्ते, पदपथ, पर्जन्यजल व मलनिःसारण व्यवस्था, वृक्षारोपण आणि पथदिवे यांचा स्पष्ट उल्लेख आहे. कलम १४ अन्वये ताबा दिल्यापासून पाच वर्षांत कामाचा दर्जा किंवा सेवांतील दोष निदर्शनास आणल्यास प्रवर्तकाने तो ३० दिवसांत विनामूल्य दूर करावयाचा आहे. मात्र बहुसंख्य ग्राहक या तरतुदीचा वापर भिंतीतील गळतीसाठी करतात, खचलेल्या पदपथासाठी करीत नाहीत.

मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये समाविष्ट झालेल्या कलम १९८-अ नुसार रस्त्याच्या विहित मानकांचे पालन न झाल्याने मृत्यू वा अपंगत्व ओढवल्यास संबंधित प्राधिकरण, कंत्राटदार वा सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. या यादीत विकासकाचा स्वतंत्र उल्लेख नाही, ही त्यातील उणीव म्हणावी लागेल. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदपथ वापरण्याचा पादचाऱ्यांचा हक्क हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले. पदपथ दिव्यांग व्यक्तींना वापरता येण्याजोगे असावेत, यावरही न्यायालयाने भर दिला. येथे पथविक्रेत्यांचाही विचार आवश्यक आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार विक्री क्षेत्रे ठरवावयाची असतात. नव्या वसाहतीत त्यांची जागा आधीच आखली, तर पादचारी व विक्रेता यांच्यात संघर्ष उद्‌भवणार नाही.

काय करता येईल?

१. रेखांकनाच्या अर्जासोबत प्रत्येक रस्त्याचा आडवा छेद सक्तीने घ्यावा. त्यात पदपथ, वाहनमार्ग, झाडे, खांब व वाहिन्यांच्या जागा मापांसह दाखवाव्यात.

२. आयआरसी : १०३ मधील किमान मापे राज्यांनी आपल्या विकास नियंत्रण नियमावलीत समाविष्ट करावीत, म्हणजे ती बंधनकारक होतील.

३. अंतर्गत रस्त्यांसाठी विकासकाकडून बँक हमी घ्यावी. तिचा काही भाग दोन पावसाळे उलटल्यानंतरच्या तपासणीनंतर मुक्त करावा.

४. रस्ते हस्तांतराच्या अर्जावर निर्णय घेण्यास स्थानिक संस्थेला कालमर्यादा असावी. नकार द्यावयाचा असल्यास दोषांची लेखी यादी द्यावी.

५. पूर्णत्वाचा दाखला देण्यापूर्वी चाकांच्या खुर्चीवरील व्यक्तीला वसाहतीच्या प्रवेशद्वारापासून प्रत्येक इमारतीपर्यंत विनाअडथळा जाता येते काय, याची प्रत्यक्ष तपासणी करावी.

समारोप

२००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहनांऐवजी माणसांच्या वहनाला प्राधान्य देण्याचे तत्त्व स्वीकारले. जुन्या शहरांत या तत्त्वाची अंमलबजावणी करताना अतिक्रमणे, भूसंपादन व हितसंबंध यांचे अडथळे येतात. नव्या वसाहतींत यांपैकी कोणताही अडथळा नसतो. तेथे आवश्यक असते ती योग्य वेळी घेतलेली दक्षता. ही वेळ रेखांकनावर मंजुरीची स्वाक्षरी होण्यापूर्वीची आहे. ती टळली तर पुढील पन्नास वर्षे त्या रस्त्याने शाळेत जाणारी मुले व दवाखान्यात जाणारी वृद्ध माणसे तिची किंमत मोजत राहतात.