आधी मंजुरीपत्र, मग फ्लॅट

"टोकन देऊन ठेवा, लोन काय, होऊन जातं," असं जो म्हणतो त्याचा स्वतःचा एक पैसा अडकलेला नसतो. माझे दोन लाख अडकले आणि बुडाले, म्हणून लिहितोय.

सिंहगड रस्त्यावरचा रीसेलचा टू बीएचके, 62 लाखांना ठरला. आधी बँकेत जाऊन येतो, असं मी म्हणालो होतो. एजंटनेच अडवलं. "बँक विचारेल कुठला फ्लॅट, तेव्हा काय दाखवणार? आणि संध्याकाळी दुसरी पार्टी येतेय." साफ खोटं. घर ठरलेलं नसतानाही पगार, चालू हप्ते आणि सिबिल बघून बँका कर्ज तत्त्वतः मंजूर करतात. रोज हाच धंदा करणाऱ्याला हे ठाऊक नसेल?

दोन लाखांचं टोकन दिलं, मग बँकेत गेलो. मॅडमनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. एका जुन्या क्रेडिट कार्डापुढे शेरा होता, 'सेटल्ड'. ते कार्ड मी पै न् पै भरून बंद केलेलं, तशी कार्डवाल्या बँकेची मेल आजही माझ्याकडे आहे. नंतर चुकून लागलेली वार्षिक फी त्यांनीच रद्द केली आणि नोंद अशी केली, की जणू मी थकवून तडजोडीवर सुटलो. "हे दुरुस्त झाल्याशिवाय फाइल पुढे जाणार नाही," मॅडम म्हणाल्या. त्यांना दोष देत नाही. नोंद दुरुस्त झालीही. पण नियमाने त्याला 30 दिवसांपर्यंत मुदत असते, आणि विक्रेत्याने दिलेली मुदत त्याआधीच संपली.

टोकन घेताना याच विक्रेत्या काकांनी "तुम्ही आता घरचेच" म्हणत चहा पाजला होता. मुदत वाढवा म्हटल्यावर फोन उचलेनात. मग त्यांच्या जावयाचा मेसेज आला, "पावतीवर नॉन-रिफंडेबल लिहिलंय." पावती एजंटच्या छापील नमुन्यातली! पुढे तोच फ्लॅट जास्त भावाने गेल्याचं सोसायटीच्या वॉचमनकडून कळलं. म्हणजे नुकसान शून्य, वर माझे दोन लाख. एजंटचं म्हणणं, "साहेब, मार्केटचा नियमच आहे." नियम कोणी केला, ते नाही सांगितलं.

तर आता तुमच्यासाठी. घरं बघायला निघण्याआधी स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट काढा. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चौघांनाही वर्षातून एकदा तो फुकट द्यावा लागतो. फक्त स्कोअर बघू नका, प्रत्येक खात्यापुढचा शेरा वाचा. दुरुस्तीला 30 दिवसांहून उशीर झाला तर रोज 100 रुपये भरपाई मिळते; गेलेला फ्लॅट मिळत नाही.

आपलं बजेट बँकेकडून समजून घ्या. 30 ते 75 लाखांच्या कर्जात घराच्या किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंतच रक्कम मिळते. माझ्या 62 लाखांवर 12 लाख 40 हजार पदरचे. शिवाय पुण्यात 7 टक्के मुद्रांक शुल्क आणि 30 हजार नोंदणी फी, तेही खिशातूनच. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर शुल्कात एक टक्का सूट आहे.

तत्त्वतः मंजुरी तुमची असते, घराची नव्हे. मालकीची साखळी, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र हे बँकेचे वकील आणि इंजिनिअर नंतर तपासतात. म्हणून टोकनच्या पावतीवर एक ओळ हवीच: 'बँकेने कर्ज नाकारल्यास किंवा कागदपत्रांत दोष निघाल्यास पूर्ण रक्कम परत.' रोख देऊ नका, चेक द्या. बिल्डरकडून नवं घर घेत असाल तर नोंदणीकृत करारनाम्याआधी 10 टक्क्यांहून जास्त मागण्याची रेराने त्याला मनाई केली आहे. बाकी घाई करू नका, घरच्यांशी बोला, हे सगळेच सांगतात.

ती ओळ लिहायला समोरचा तयार नसेल तर उठून या. फ्लॅट हातचा जाईल, असं एजंट म्हणेलच. जाऊ द्या. माझा दोन लाख घेऊन गेला, तुमचा निदान फुकट जाईल.